चित्रातला दिवाणखाना रंगमंचावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतला एक हौशी मराठी नाट्यगट १८७० च्या सुमाराच्या न्यूयॉर्कमधल्या सुखवस्तू घरात घडणारं दोन अंकी नाटक बसवतोय. पहिल्या अंकात भेटीला आलेल्या एका बाईला दारातूनच परत पाठवलं जातं, आणि घरात एक आयरिश मोलकरीण आहे. दिग्दर्शकाने सांगितलंय, 'त्या काळातली घरगुती चित्रं बघ आणि सेट काढ.' बजेट कमी आहे, आणि नेपथ्य करणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: ही चित्रं पुरावा म्हणून धरता येतील का, आणि कोणती बघावीत.

मी बरीच वर्षं नेपथ्य करतोय, आणि काळाचं नाटक आलं की आधी चित्रांकडेच जातो. माझं उत्तर असं: सोफ्याच्या नक्षीसाठी या चित्रांवर बेताचाच भरवसा ठेवा. एंट्री-एक्झिटसाठी मात्र डोळे मिटून भरवसा ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांनी घराचं आतलं रंगवलं, तेव्हा त्यातल्या चांगल्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. या खोलीत कोण येऊ शकतं, कोण उंबऱ्यावरच थांबतं, आणि कोण इथेच असूनही घरचं नाही. खाजगीपण गादी-पडद्यांनी येत नाही, बाहेरच्या माणसामुळे जाणवतं. ग्राउंड प्लॅन, म्हणजे सेटचा वरून दिसणारा नकाशा, काढणाऱ्याला याहून उपयोगी दुसरं काही नाही.

तुमच्या पहिल्या अंकाचं चित्र तर तयारच आहे. ईस्टमन जॉन्सनचं 'नॉट ॲट होम', साधारण १८७३ चं, ब्रुकलिन म्युझियममध्ये. म्हणजे तुमच्यापासून तासा-दीड तासावर. चित्र लहान आहे, पाऊण मीटरही उंच नाही. समोर अंधारा हॉल, म्हणजे बाहेरच्या दारालगतची ये-जा करायची जागा, त्यात जिना, आणि एक बाई घाईने वर निघालीय. पलीकडे बैठकीची खोली उन्हात लख्ख दिसतेय, पण रिकामी. कोणीतरी भेटीला आलंय, बाईंना भेटायचं नाही, आणि मोलकरीण दारात जाऊन सांगणार, 'बाई घरी नाहीत.' त्या काळच्या शिष्टाचारात हे खोटं धरत नसत. ठरावीक वेळी भेटीला जायचं, भेट झाली नाही तर आपलं कार्ड ठेवून यायचं, आणि 'घरी नाहीत' याचा अर्थ दोन्ही बाजूंना ठाऊक असायचा.

आता हेच चित्र नेपथ्यकाराच्या नजरेने बघा. जी खोली पाहुण्यांसाठी सजवली ती मागे, आणि ज्या जागेतून फक्त ये-जा करायची ती पुढे, प्रेक्षकाजवळ. आपल्याकडच्या दिवाणखानी नाटकाची सवय याच्या नेमकी उलटी. आपण सोफा मध्यभागी मांडतो, जिना असलाच तर मागच्या कोपऱ्यात, आणि बाहेरचं दार विंगेत ढकलून फक्त बेल ऐकवतो. जॉन्सन प्रेक्षकाला हॉलमध्येच उभं करतो. त्यामुळे आपण लपणाऱ्या बाईच्या बाजूला आहोत, दाराबाहेरच्या पाहुणीच्या नाही. तुमचा प्रसंग विनोदी असो की गंभीर, प्रेक्षक कोणाच्या बाजूला उभा आहे हे तुम्ही हॉल पुढे घेता की मागे, यावर ठरेल. माझ्या मते हॉल पुढे घ्या. वेस्ट ५५ व्या रस्त्यावर जॉन्सनचं स्वतःचं घर होतं आणि हे चित्र तिथलंच मानतात. जिना चढणारी बाई त्याची पत्नी असावी असंही म्हटलं जातं. ते खरं असेल तर स्वतःच्या बायकोला पाहुण्यांना चुकवताना रंगवणारा हा गृहस्थ मला भारी आवडतो.

जॉन्सनबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण तुमचा काळ त्याचाच आहे. जन्म १८२४, मेन राज्यात. १८४९ मध्ये तो शिकायला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला गेला, तिथून हॉलंडमध्ये हेगला, आणि तीनेक वर्षं तिथे जुन्या डच चित्रांसमोर घालवून १८५५ मध्ये परतला. एका बाजूने येणारा उजेड, तपकिरी अंधार, खोलीमागे खोली, हे सगळं त्याने तिथून आणलं. म्हणजे त्याच्या न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यावर सतराव्या शतकातल्या हॉलंडची सावली आहे, हे लक्षात ठेवून मगच रंग उचला.

त्याची श्रीमंतांची कुटुंबचित्रं तुम्हाला कोणीही दाखवेल. 'द हॅच फॅमिली', १८७०–७१, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. वॉल स्ट्रीटवरचा दलाल अल्फ्रेडरिक स्मिथ हॅच, पार्क ॲव्हेन्यू आणि ३७ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या त्याच्या घरातली लायब्ररी, तीन पिढ्या आणि पंधरा माणसं. चित्र जवळजवळ १ मीटर ८६ सेंटिमीटर रुंद आहे. काळ आणि शहर अगदी तुमचंच, म्हणून याचा प्रिंट काढून तालमीच्या खोलीत लावण्याचा मोह होईल. लावा, पण पंधरापैकी किती जणांना खरंच बसायला जागा आहे, कोण कशाला टेकलंय आणि कोण कोणाकडे बघतंय, हे आधी मोजा. ही राहती खोली नाही. पैसे देऊन काढून घेतलेलं कुटुंबचित्र आहे, आणि प्रत्येकाचा चेहरा दिसलाच पाहिजे अशी अट त्यात आहे. आपल्या रंगमंचावरची अडचणही हीच, त्यामुळे रचना म्हणून ते कामाला येतं. पण पंधराच्या पंधरा घरचे. इतक्या माणसांना चहा करून देणारी, शेकोटीत कोळसा घालणारी बाई चित्रात नाही. तुमच्या नाटकात ती आहे. तिची जागा हॅचच्या लायब्ररीत सापडणार नाही.

'द ब्राउन फॅमिली' (१८६९) मला त्याहून जवळची वाटते. बँकर जेम्स ब्राउन वर्तमानपत्र वाचतोय, नातवाने त्याला मध्येच थांबवलंय, आजी विणतेय. एवढंच. चित्र मुलाने आईवडिलांसाठी करून घेतलं, ते युनिव्हर्सिटी प्लेसवरचं जुनं घर सोडून शहराच्या वरच्या भागात जाणार होते तेव्हा. याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, दुसरी सॅन फ्रान्सिस्कोत. तुम्हाला उपयोगी गोष्ट अशी की खोलीची सजावट १८४० च्या दशकातली आहे आणि चित्र १८६९ चं. काळाच्या नाटकात नवखे नेपथ्यकार सगळं सामान त्याच वर्षाचं आणतात. खऱ्या घरात आजोबांची खुर्ची असते, लग्नात आलेलं कपाट असतं, आणि एखादीच वस्तू परवा घेतलेली असते. तुमच्या १८७० च्या घरात निदान निम्मं सामान १८५० चं असू द्या.

सामानासाठी चित्रापेक्षा मेट्रोपॉलिटनच्याच अमेरिकन विंगमध्ये जा. कनेक्टिकटमधल्या मेरिडनच्या एका घराचा १८७० च्या आसपासचा अख्खा दिवाणखाना तिथे उभा केलाय. रेनेसाँ रिव्हायव्हल म्हणतात ती शैली: जड चौकटी, कोरीव माथे, भरगच्च गाद्या. खुर्च्यांची उंची, खिडकीच्या चौकटीची जाडी, छत आणि भिंत मिळते तिथली पट्टी हे तिथे डोळ्यांनी मोजा. मग त्याच इमारतीत जॉन्सनचं 'ख्रिसमस-टाइम, द ब्लॉजेट फॅमिली' (१८६४) बघा. शैली तीच, पण चित्रात ती खोली कशी मऊ झालीय ते कळेल. त्या चित्रात अजून एक वस्तू आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, गुलामगिरीच्या प्रश्नावर माणसं मरत असताना, ख्रिसमसच्या झाडाजवळ या घरातला गोरा मुलगा एका नाचऱ्या काळ्या बाहुल्याशी खेळतोय. जॉन्सनने तो बाहुला सहज ठेवला असेल असं मला वाटत नाही. प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तूंची, यादी करताना हे आठवावं: हातातली एक वस्तू बाहेरचं सगळं जग आत आणू शकते, खिडकीतून तोफांचा आवाज द्यावा लागत नाही.

पुरावा म्हणून भरवसा कुठे तुटतो, त्याचं सरळ उदाहरण रिचर्ड केटन वुडविल. बाल्टिमोरचा पोरगा, १८४५ मध्ये ड्युसेलडॉर्फला गेला आणि १८५५ मध्ये तिशीतच लंडनमध्ये वारला. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममधलं त्याचं 'ओल्ड सेव्हन्टी-सिक्स अँड यंग फॉर्टी-एट' (१८४९) बघताना अगदी अस्सल अमेरिकन घर वाटतं. स्वातंत्र्ययुद्ध पाहिलेले आजोबा आणि मेक्सिकोच्या युद्धातून जखमी होऊन आलेला नातू टेबलाशी बोलताहेत. पण ती खोली त्याने जर्मनीत बसून, रंगमंचासारखी रचून काढलीय. भिंती बॉक्स सेटच्या, म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि प्रेक्षकाकडे उघड्या, माणसं तीन बाजूंना वळलेली. सामानासाठी ते बाद. पण उजवीकडच्या दारात बघा: घरातले काळे नोकर तिथे थांबून ऐकताहेत. गोष्ट त्यांच्याही देशाची चाललीय, आणि त्यांना दारापर्यंतच मुभा. ही जागा चित्रकाराने कल्पनेने रचली असली तरी खोटी नाही.

दारातून आत आलेल्या परक्या माणसाचं सगळ्यात गमतीदार चित्र फ्रान्सिस विल्यम एडमंड्सचं आहे. हा न्यूयॉर्कमधला बँक अधिकारी, चित्रकला नोकरी सांभाळून. 'टेकिंग द सेन्सस' (१८५४), हेही मेट्रोपॉलिटनमध्ये. जनगणनेचा माणूस वही घेऊन घरात आलाय, बाप बोटांवर पोरं मोजतोय, आणि पोरं लपून हसताहेत. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. गुलामांची तर १८५० मध्येही नावं लिहिली नाहीत, मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग. म्हणजे सरकार पहिल्यांदाच चुलीपर्यंत पोचलंय, आणि बापाला स्वतःच्या पोरांचा हिशेब लागत नाहीय. लपलेल्या पोरांच्या जागा बघाच, कारण सेटवर लपण्याची जागा प्रेक्षकाला दिसली पाहिजे आणि पात्राला दिसता कामा नये. एडमंड्सने ते बिनचूक साधलंय.

स्वयंपाकघर हवं असेल तर लिली मार्टिन स्पेन्सर. तिची गोष्ट तिच्या चित्रांइतकीच सांगण्यासारखी. तेरा मुलं झाली, सात जगली. घर तिच्या ब्रशवर चालायचं आणि नवरा घरकामात, स्टुडिओत हाताखाली असायचा. 'किस मी अँड यूल किस द लासेस' (१८५६) ब्रुकलिनमध्येच आहे. तरुणी हातात काकवीचा चमचा घेऊन थेट आपल्याकडे बघतेय: जवळ आलास तर काकवी लागेल. 'शेक हँड्स?' (१८५४) मध्ये पीठ मळणारी बाई पिठाचा हात पुढे करते. दोन्हीकडे स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी आलंय आणि ते कोणी म्हणजे आपण. अशा चित्रांचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेल्या प्रती, निघायचे, ते मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर जायचे. तुमच्या सेटच्या भिंतीवर टांगायला मोठ्या तैलचित्राच्या नकलेपेक्षा असा छापील प्रिंट जास्त खरा दिसेल, आणि स्वस्तही पडेल.

चित्रकार मेरी कॅसॅटबद्दल एक खबरदारी. ती पेनसिल्व्हेनियाची, पण १८७४ पासून पॅरिसमध्ये राहिली, तेव्हा तिचे वॉलपेपर आणि खुर्च्या फ्रान्सच्या. सेट म्हणून उचलू नका. पण पात्रांच्या बैठकीसाठी बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधलं 'द टी' (साधारण १८८०) समोर ठेवून तालीम घ्या. सोफ्यावर दोन बायका. एकीच्या डोक्यावर हॅट आणि हातांत मोजे, म्हणजे ती पाहुणी. दुसरी उघड्या डोक्याची, हनुवटीला हात लावून बसलेली, म्हणजे घरची. पाहुणी नेमकी चहा पितेय आणि कपाने तिचा अर्धा चेहरा झाकलाय. पुढे टेबलावर चांदीचा चहाचा संच, कॅसॅटच्या घराण्यातला, १८१३ च्या सुमारास फिलाडेल्फियात घडवलेला. माणसांपेक्षा भांडी पुढे आणि ठसठशीत. बोलणं संपलंय की सुरूच झालं नव्हतं, ते कळत नाही. कोणताही दिग्दर्शक नटीला 'कप खाली घे, चेहरा दिसू दे' म्हणेल. कॅसॅटने तो मुद्दाम वर ठेवला. तुमच्या नाटकात पुढे ती परत पाठवलेली बाई पुन्हा आलीच, तर हॅट आणि मोजे उतरवू देऊ नका. थोड्या वेळासाठी आलेली बाई ते घालूनच बसायची, आणि प्रेक्षकाला एका शब्दाशिवाय कळेल की ही टिकणारी नाही.

बोस्टनला जाणारच असाल तर चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं 'द डॉटर्स ऑफ एडवर्ड डार्ली बॉइट' (१८८२) टाळता येणार नाही. तेही पॅरिसच्या घरातलं, जवळजवळ चौकोनी, सव्वादोन मीटर. चार बहिणी, आणि त्यांच्याहून उंच दोन जपानी फुलदाण्या. धाकटी पुढे गालिच्यावर, थोरल्या दोघी मागे अंधारात शिरताना. खऱ्या फुलदाण्या आता चित्राच्या दोन्ही बाजूंना ठेवल्यात. म्युझियमला त्या मिळाल्या तेव्हा आत टेनिसचा चेंडू, कागदी विमान, नाणी असलं काय काय निघालं होतं. म्हणजे घरातल्या पोरांनी त्यांचा उपयोग केलाच होता.

आता ज्या चित्रासाठी मी हे सगळं बाजूला ठेवीन ते. विन्स्लो होमर, 'अ व्हिजिट फ्रॉम द ओल्ड मिस्ट्रेस', १८७६, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये. व्हर्जिनियातली एक साधी काळोखी खोली. डावीकडे काळ्या बायका, एकीच्या कडेवर मूल. उजवीकडे काळ्या पोशाखातली वयस्क गोरी बाई, यांची पूर्वीची मालकीण. मधे रिकामी जागा. यादवी युद्ध संपून अकरा वर्षं झालीत. एके काळी या बायका तिच्या घरात तिच्या हुकमाने वावरायच्या. आता ती यांच्या घरात आलीय आणि या कोणी उठून पुढे होत नाहीत. एक तर बसूनच आहे, आणि ते बसणं हाच त्या चित्रातला संवाद. होमरने दोन बाजूंना सारखी उंची दिलीय, कोणालाही पायरी दिलेली नाही. आपण लेव्हल, म्हणजे कमी-जास्त उंचीचे चौथरे, वापरून पात्रांचं वजन दाखवतो. इथे सपाट जमिनीवर, फक्त मधल्या अंतराने ते होतं. तुमच्या सेटवर मोलकरीण आणि मालकीण समोरासमोर येण्याचा प्रसंग असेल, तर त्या जागी टेबल ठेवू नका. मोकळी जमीन सोडा.

प्रकाशयोजना करणाऱ्यासाठी एकच नाव: हेन्री ओसावा टॅनर, 'द बँजो लेसन', १८९३, व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहात. आजोबा मांडीजवळ उभ्या नातवाला बँजो शिकवताहेत. काळ तुमच्यानंतरचा आणि घर गरिबाचं, पण प्रकाश दोन बाजूंनी येतो: डावीकडून खिडकीचा थंड, उजवीकडून चुलीचा तांबूस, आणि दोन्ही त्या दोघांवर भेटतात. तुमच्या श्रीमंत घरात चुलीच्या जागी गॅसचा दिवा धरा. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या अशा घरांत गॅस होता, छताला झुंबर आणि भिंतीला ब्रॅकेट. टेबलावर वाचायला रॉकेलचा दिवा. विजेचा बल्ब नाही, तेव्हा सगळ्या रंगमंचावर पसरणारा एकसारखा पांढरा उजेड, म्हणजे वॉश, मारू नका. दिवसाच्या प्रसंगात जड पडद्यांमुळे खोली आपल्याला वाटते त्याहून अंधारी ठेवावी लागेल. किती अंधारी, ते ब्रुकलिनमध्येच थॉमस ईकिन्सचं 'होम सीन' (साधारण १८७१) बघून ठरवा. पियानोशी बसलेली बहीण, जमिनीवर पाटीवर लिहिणारी धाकटी, आणि बाकी सगळं काळोखात. जुन्या चित्रांचं व्हार्निश काळवंडतं, तेव्हा त्यातला थोडा अंधार वजा करा, सगळा नको.

बजेट कमी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून कामाचं शेवटी. एक उभा हॉल, तीन-चार पायऱ्या दिसतील एवढा जिना, मागे दुहेरी दाराच्या चौकटीतून दिसणारी बैठक. बैठकीत एक जड सोफा, मध्ये गोल टेबल, त्यावर दिवा, एवढं पुरे. बाकी अंधार. बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असायचा, हॉलमध्ये मात्र फरशी किंवा ऑइलक्लॉथ, म्हणजे तेल चढवलेलं जाड कापड. गालिच्यावर पाऊल वाजत नाही आणि हॉलमध्ये वाजतं, म्हणून हॉलची लेव्हल उघड्या प्लायवूडची ठेवा आणि खाली फोम भरू नका. दाराशी कोणी आलं की मोलकरणीचे बूट प्रेक्षकांना आधी ऐकू आले पाहिजेत.